पूर्वमती

हेमलता आकिवाटे यांनी स्वतःचा आवाज पहिल्यांदा परका म्हणून ऐकला, तेव्हा त्या मिरजेतल्या एका रुग्णालयात पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर त्यांची लेक त्रिशला होती. तिच्या मांडीवर टॅबलेट होता आणि त्यातून हेमलताबाईच बोलत होत्या. तोच किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा, समोरच्याला मध्ये बोलायला जागा न ठेवणारा आवाज.

"त्रिशला, गिळायला त्रास होतोय का ते डॉक्टरांना विचार. होत असेल तर पाणी चमच्यानं द्यायचं. आणि तू रजा वाढवत बसू नकोस. मी सगळं ठरवून ठेवलंय."

"हो आई," त्रिशला टॅबलेटकडे बघत म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

पलंगावरच्या हेमलताबाईंना म्हणायचं होतं, अगं, मी इकडं आहे. तोंडातून आलं, "ताट. ताट."

त्रिशला घाईनं उठली. "भूक लागली का तुला?"

हेमलताबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "हो." त्यांना 'नाही' म्हणायचं होतं.

मिरजेत आकिवाटे लॅब कुणाला माहीत नव्हती असं नाही. सीमेपलीकडून, पार विजापूरकडून येणारे पेशंट रक्त-लघवी तपासायला तिथंच यायचे. नवरा भूपाल कॉलेजात शिकवायचा. तो तरुणपणीच गेल्यावर हेमलताबाईंनी लॅब वाढवली, त्रिशलाला इंजिनिअर केलं आणि म्हाताऱ्या सासूला शेवटपर्यंत सांभाळलं. सासूचं ते सांभाळणं त्यांच्या मनात कायमचं रुतून बसलं होतं. शेवटच्या काही वर्षांत म्हातारीला माणसं ओळखू येईनात. तेव्हा लांबचे भाचे मिठाईचे पुडे घेऊन यायला लागले, तिच्या उशाशी बसून गप्पा मारायला लागले, आणि एक दिवस शेडबाळची जमीन त्यांच्या नावावर झालेली निघाली. अंगठा म्हातारीचाच होता. कोर्टात ते सगळं उलटवण्यात हेमलताबाईंची चाळिशी संपली.

आपल्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. साठी उलटल्यावर त्यांनी मृत्युपत्र नोंदवलं, शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते लिहून दिलं, त्रिशलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. वकिलांनी तेव्हा त्यांना एक अडचण सांगितली. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच ते चालतं. ती गेली की कागदही गेला. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्याच दिवशी ते निकामी होतं.

ही फट बुजवायला पुढं नवा कायदा आला आणि त्याच्याबरोबर पूर्वमती आली.

कल्पना तशी सरळ होती. माणूस काय बोलतो यापेक्षा तो काय निवडतो यात त्याचं मन जास्त दिसतं. कुणाला उसने पैसे दिले, कुणाला नाही म्हटलं, आजारी पडल्यावर कोणता डॉक्टर पसंत केला, कशासाठी भांडलं, कुठं सोडून दिलं. अशा हजारो निवडी एखाद्या यंत्राला शिकवल्या, तर नव्या प्रसंगात तो माणूस काय निवडेल हे यंत्र सांगू शकतं, आणि पोटची मुलं सांगतात त्यापेक्षा बरंच अचूक सांगतं. पूर्वमती म्हणजे असं यंत्र. माणूस शहाणा असताना त्याच्याकडून शिकून घ्यायचं, त्याचा आवाज घ्यायचा, आणि त्याची बुद्धी ढळली की कायद्यानं त्याच्या जागी उभं राहायचं.

नंतर कुणी लबाडीनं काही शिकवू नये म्हणून तिचं शिकणं एका तारखेला बंद करत. त्याला गोठवणं म्हणत. दर पाच वर्षांनी माणसानं स्वतः जाऊन ती पुन्हा वितळवून ताजी करून घ्यावी, अशी सोय होती.

हेमलताबाईंना हे मनापासून पटलं. पूर्वमती तयार होत असताना त्यांनी तिला लॅबमधल्या नव्या यंत्रासारखं वागवलं. आधी स्वतःचं उत्तर कागदावर लिहायचं, मग तिला विचारायचं, मग दोन्ही जुळवून बघायचं. ती क्वचितच चुकायची. शेवटी तिथल्या माणसानं विचारलं, "कुलूप लावायचं का?" कुलूप लावलं की पुढं खुद्द त्या माणसानं कितीही सांगितलं तरी पूर्वमतीचा निर्णय फिरत नसे. बुद्धी शाबूत असल्याचं चाचणीत सिद्ध झालं तरच ते उघडायचं.

"लावा," हेमलताबाई म्हणाल्या. "आणि हे नीट ऐकून ठेवा म्हणावं तिला. मी हिंडती-फिरती राहिले नाही तर घर विकायचं आणि मला चांगल्या केंद्रात ठेवायचं. माझ्या लेकीच्या संसारात माझं आजारपण नको. मी रडेन, हातापाया पडेन, घरी ने म्हणेन. तेव्हा ऐकायचं नाही. ती मी नसेन."

त्या दिवशी घरी येताना त्यांना फार हलकं वाटलं होतं.

त्यानंतर एस्तर त्यांच्या आयुष्यात आली, आणि ती पूर्वमतीला माहीत नव्हती. म्हणजे माहीत होती, पण निराळी. एस्तर मोहिते पूर्वी मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. एकदा दोन पेशंटांच्या नमुन्यांची अदलाबदल झाली. एस्तर सिस्टर म्हणाल्या चूक लॅबची, हेमलताबाई म्हणाल्या चूक वॉर्डाची, आणि दोघींचं बोलणं तुटलं ते कायमचं. पुढं दोघीही निवृत्त झाल्या. मग एका वर्षी बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत दोघी मागेपुढे उभ्या राहिल्या. हेमलताबाईंना नवऱ्याचं कुटुंबनिवृत्तिवेतन मिळायचं, एस्तरला स्वतःचं पेन्शन. आपण जिवंत आहोत हे बँकेला पटवताना दोघींच्याही बोटांचे ठसे उमटेनात. एस्तर हसायला लागली, आणि हेमलताबाईंनाही हसू आवरेना.

वर्षभरात एस्तर त्यांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. एकमेकींना मॅडम आणि सिस्टर म्हणणं सुटलं नाही, पण जेवण एका ताटाच्या अंतरावर व्हायला लागलं. सकाळी एस्तर पेपरातले मथळे मोठ्यानं वाचायची आणि हेमलताबाई त्यांवर शेरे मारायच्या. एकदा हेमलताबाई म्हणाल्या होत्या, "सिस्टर, माझं काही झालं तर तुम्ही आहात. तुमचं काही झालं तर मी आहे. आता केंद्रबिंद्र काही नको." पूर्वमती ताजी करून हे तिला सांगायचं होतं. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन आडवं आलं, मग दोघी हंपीला गेल्या, मग राहूनच गेलं.

आणि एका सकाळी नाश्त्याला बसल्या असताना हेमलताबाईंच्या हातातला चमचा गळून पडला. तोंड वाकडं झालेलं बघताच एस्तरनं ओळखलं आणि वेळेत दवाखान्यात पोचवलं, म्हणून त्या वाचल्या.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात लुळा पडला, पायात थोडी ताकद राहिली. वाचा उपचार करणाऱ्या मुलीनं त्रिशलाला समजावून सांगितलं, "यांना सगळं कळतंय. शब्दांचं कोठार जसंच्या तसं आहे. कोठारातून तोंडापर्यंत यायची वाट तुटलीय. लिहायचं म्हटलं तरी तीच वाट लागते. म्हणून एक म्हणायला जातात आणि दुसरंच बाहेर पडतं. हो आणि नाही यांचीसुद्धा अदलाबदल होते."

"पण सकाळी तिनं णमोकार मंत्र म्हटला," त्रिशला म्हणाली. "सगळा. एकही शब्द न चुकता."

"पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. मंत्र म्हणता येतो, पण पाणी मागता येत नाही. असं होतं."

बुद्धीची चाचणी मात्र विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी तयार केलेली होती. पडद्यावरची बाई एक प्रसंग सांगायची आणि विचारायची, तुम्ही काय कराल, का कराल, तुमच्या शब्दांत सांगा. हेमलताबाईंना प्रसंग कळला, त्यातली मेखही कळली. त्या म्हणाल्या, "ताट... खाली... मंगळवार." होकारार्थी मान हलवून त्या 'नाही' म्हणायच्या, आणि यंत्र ते विसंगत म्हणून नोंदवायचं. चाचणी संपली तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं त्यांची बुद्धी गेली होती. दवाखान्यात तात्पुरती बोलणारी पूर्वमती आता कायमची हेमलता आकिवाटे झाली.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात त्रिशलानं टॅबलेट जेवणाच्या टेबलावर ठेवला. एस्तर हेमलताबाईंना पेज भरवत होती.

"आई, तुला घरी आणलंय," त्रिशला टॅबलेटला म्हणाली. "एस्तर मावशी आहेत सोबत. मी म्हणते, इथंच राहू दे की."

"एस्तर कोण?"

"मोहिते सिस्टर. वरच्या मजल्यावर राहतात."

"मोहिते सिस्टर? माझ्या घरात?" आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. "पुरावा न बघता मला बोल लावणारी बाई ती. तिला घर सोडायला सांग. पण पुरेशी मुदत दे. अन्याय करायचा नाही."

हेमलताबाईंच्या छातीतून एक आवाज निघाला. तो हसण्याचा की रडण्याचा हे एस्तरलाही समजलं नाही. तिनं चमचा खाली ठेवला.

"आई, तुमची मैत्री झालीय आता," त्रिशला म्हणाली.

"असं त्या सांगतात?"

"मी बघितलंय गं."

"त्रिशला, तुझ्या आजीच्या उशाशी मिठाई घेऊन बसणारेही मैत्रीचंच सांगत होते. मी आजारी आहे, परावलंबी आहे, आणि घरात एक बाहेरची बाई येऊन राहिलीय. तू माझ्या जागी असतीस तर काय समजली असतीस?"

हेमलताबाईंचं दुःख वेगळंच होतं. हा प्रश्न त्यांनी स्वतः अस्साच विचारला असता.

"निदान तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घेऊ," त्रिशला म्हणाली. "तू संमती दे."

"नाही. मला पुन्हा पुन्हा तपासून आशेवर टांगून ठेवायचं नाही, हे मी शुद्धीत सांगितलंय. आता ती विनवण्या करत असेल. ऐकू नकोस. तुला त्रास होतोय, कळतंय मला. म्हणून तर हे ओझं तुझ्यावर ठेवलं नाही."

हेमलताबाईंनी डाव्या हातानं लेकीचं मनगट धरलं. "ताट," त्या म्हणाल्या. "त्रि... ताट." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्रिशलानं तो हात हळूच सोडवला आणि ती आत गेली.

एस्तर तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. "त्या टॅबलेटमधून बोलतेय ती तुझी आई नाही. तुझी आई बाहेर खुर्चीत बसलीय."

"मावशी, तिनंच मला सांगितलं होतं. असं होईल, मी रडेन, तेव्हा तू खंबीर राहा. ती रडतेय म्हणजे तिनं सांगितलं तसंच होतंय ना?"

"आणि तुला ते सोपं पडतंय."

त्रिशलानं ओटा पुसायला घेतला. मग म्हणाली, "हो. पडतंय. मला पुण्यात दोन मुलं आहेत, नोकरी आहे. आईनं ठरवून ठेवलंय याचा मला आधार वाटतो. तसं वाटणं पाप आहे का?"

एस्तरनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पाप आहे असं तिला वाटत नव्हतं.

कायद्यात तिऱ्हाईत माणसालाही ज्येष्ठांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येत होता. एस्तरनं तो केला. सुनावणीची वाट बघत असताना एक वेगळीच गोष्ट घडली. जुन्या सवयीनं एस्तर सकाळी पेपर वाचत होती. 'कोयना धरणातून विसर्ग वाढवला' असं ती म्हणत असताना तिला शेजारून दुसरा आवाज ऐकू आला. हेमलताबाईंचे ओठ तिच्या ओठांबरोबर हलत होते आणि शब्द बरोबर येत होते. धरणातून. विसर्ग. वाढवला.

वाचा उपचारवाल्या मुलीला याचं नवल वाटलं नाही. "दुसऱ्याच्या आवाजाला धरून बोललं की तुटलेल्या वाटेला वळसा पडतो," ती म्हणाली. "कोरसमध्ये अडखळणारासुद्धा गातो, तसं. रोज करा. काहींना हळूहळू एकट्यानंही यायला लागतं. काहींना येत नाही."

दोघी रोज करायला लागल्या. एस्तर म्हणायची, "मला माझ्या घरात राहायचं आहे," आणि हेमलताबाई तिच्याबरोबर म्हणायच्या. एस्तर थांबली की त्यांचा शब्द हवेत लटकायचा आणि त्याचं ताट व्हायचं.

सांगलीत सुनावणी झाली. न्यायाधिकरणाच्या सदस्य धुमाळबाई पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी हेमलताबाईंना खुर्चीजवळ येऊन विचारलं, "तुम्हाला कुठं राहायचंय?"

"मला," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "मला... मंगळवार."

"मॅडम, मी बरोबर बोलले तर त्यांना येतं," एस्तर म्हणाली. "एकदा बघा तरी."

धुमाळबाईंनी मान डोलावली. एस्तरनं हेमलताबाईंचा हात धरला आणि दोघी म्हणाल्या, "मला माझ्या घरात राहायचं आहे." घोगरा आवाज स्वच्छ आला. मागं बसलेल्या त्रिशलानं तोंडावर हात ठेवला. इतक्या महिन्यांत आईच्या तोंडून आलेलं पहिलं अख्खं वाक्य तिनं ऐकलं होतं.

मग धुमाळबाईंनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती एस्तरला दिली. "आता हे वाक्य त्यांच्याबरोबर म्हणा. त्यांना आधी दाखवू नका."

एस्तरनं चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "हे मी म्हणणार नाही."

"नाही म्हणालात तर मला तुमच्या आधीच्या वाक्याचाही विचार करता येणार नाही, सिस्टर."

"मला," एस्तरनं सुरुवात केली. हेमलताबाई सवयीनं तिच्या आवाजावर चढल्या. "मला केंद्रात जायचं आहे."

शेवटच्या शब्दाला त्यांना कळलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण तोवर वाक्य संपलं होतं.

"मला यांच्या मनात काय आहे ते कळत नाही असं नाही," धुमाळबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा खाली आला होता. "पण उद्या एखादा लबाड भाचा असंच बरोबर बोलून जमीन लिहून घेईल. तेव्हा मी कशाच्या आधारानं नाही म्हणू? शब्द कुणाचे आहेत हे मला सांगता आलं पाहिजे. त्या एकट्या बोलायला लागल्या की पुन्हा या. तोपर्यंत पूर्वमतीचा निर्णय कायम."

परतताना गाडीत हेमलताबाईंना धुमाळबाईंचा रागही करता येईना. त्या जागेवर आपण असतो तर हीच चिठ्ठी आपणही दिली असती, हे त्यांना कळत होतं.

केंद्र जयसिंगपूरच्या बाहेर, उसाच्या शेतांमध्ये होतं. वाईट अजिबात नव्हतं. खोलीत ऊन यायचं, जेवण मऊ आणि गरम असायचं, हेमलताबाईंना चालत नाहीत म्हणून भाजीत कांदा-लसूणही घालत नसत. पूर्वमतीनं ते सांगून ठेवलं होतं. ओळखीचा आवाज असला की माणसं शांत राहतात, म्हणून प्रत्येक खोलीत एक स्पीकर होता. हेमलताबाईंच्या खोलीत तो त्यांच्याच आवाजात बोलायचा.

"हेमलता, उठायची वेळ झाली. उजवा हात हलवून घे." "हेमलता, गोळ्या." "हेमलता, खिडकीत बस जरा, मन लागेल."

पहिल्या दिवसांत त्या त्याच्याबरोबर बोलायचा प्रयत्न करायच्या. शब्द येत होते. स्वतःच्याच आवाजाला धरून बोलणं तर एस्तरपेक्षाही सोपं गेलं. "मी इथं समाधानी आहे," स्पीकर कुणा पाहुण्याला सांगायचा, आणि हेमलताबाईंचे ओठ हलायचे, "मी इथं समाधानी आहे." दारातली परिचारिका खूश व्हायची. "आज्जी किती छान बोलायला लागल्या."

मग काय होतंय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या घाबरल्या. बोलायचं तर स्पीकरमधल्या या बाईच्या मागून बोलावं लागणार होतं, आणि ही बाई त्यांना हवं ते एकदाही म्हणणार नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडणं बंद केलं. मंत्रही मनातच म्हणायला लागल्या.

भेटायला फक्त रक्ताच्या नात्यातली माणसं यावीत, हेही त्यांनीच पूर्वमतीला सांगून ठेवलं होतं. एस्तर फाटकापर्यंत आली आणि परत गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, पुन्हा परत गेली. बंगल्याचा सौदा झाला. नोंदणी कार्यालयात पूर्वमतीनं हेमलताबाईंच्या आवाजात संमती दिली आणि केंद्राच्या पुढच्या वर्षांची सोय झाली. एस्तर तिच्या भावाकडे सोलापूरला जायची तयारी करत होती.

शनिवारी त्रिशला यायची. आईचे केस विंचरायची, मुलांचं सांगायची. हेमलताबाई ऐकायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. त्या शनिवारी त्रिशलानं वेणी घालता घालता आरशात आईचा चेहरा बघितला. तो रागावलेला असता तर तिला चाललं असतं. त्यावर काहीच नव्हतं.

परत जाताना तिनं फाटकाबाहेर गाडी थांबवली आणि एस्तरला फोन लावला.

"मावशी, मला कायद्यानं काही करता येत नाही. आईच्या शेजारची खोली रिकामी झालीय. मी फक्त सांगतेय."

"म्हणजे?" एस्तरनं विचारलं.

"तिथं राहणाऱ्यांना बाहेर जायला डॉक्टरांची परवानगी लागते," त्रिशला पुढं म्हणाली. "संध्याकाळी फाटक बंद होतं. तुम्ही धडधाकट आहात. मी या म्हणत नाहीये."

"तुझ्या त्या यंत्राची हरकत?"

"आईला कोण भेटायला येतं ते पूर्वमतीला ठरवता येतं. शेजारी कोण राहतं ते नाही."

एस्तरनं कधी पूर्वमती करून घेतली नव्हती. मला विचारायचं ते मलाच विचारा, असं ती म्हणायची. केंद्राच्या कचेरीत तिनं स्वतःच्या हातानं सही केली, पेन्शन तिकडं वळतं केलं आणि फाटकाच्या आत आली. व्यवस्थापकांनी विचारलं, "काही आजार?" ती म्हणाली, "वय."

हेमलताबाई खिडकीशी बसल्या होत्या. मागं दार वाजलं. परिचारिका असेल म्हणून त्यांनी मान वळवली नाही. मग ओळखीच्या चपलांचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं. एस्तर दारात उभी होती. तिच्या मनगटात केंद्रातल्या रहिवाशांचा निळा पट्टा होता.

हेमलताबाईंनी आधी तो पट्टा बघितला. मग तिचा चेहरा. मग पुन्हा पट्टा. त्यांच्या लक्षात सगळं आलं आणि त्यांना संताप आला. ही बाई धड चालते, बोलते, हिला सोलापूरला भाऊ आहे, आणि ही आपण होऊन इथं येऊन बसली. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा आवळला.

"मरायला," त्या म्हणाल्या. थांबल्या. "मरायला... कशाला आलीस... इथं?"

खोलीत दुसरं कुणी बोललं नव्हतं. स्पीकर गप्प होता. एस्तरनं दाराच्या चौकटीला हात टेकला. इतक्या वर्षांत मॅडमनी तिला एकदाही अगंतुगं केलं नव्हतं.

हे धुमाळबाईंच्या काही कामाचं नव्हतं. एका रागावलेल्या वाक्यानं कुणाची बुद्धी सिद्ध होत नाही, आणि ते टिपून घेणारंही तिथं कुणी नव्हतं. बंगला तर गेलाच होता. एस्तरला हे सगळं कळत होतं. ती आत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं हेमलताबाईंचा आवळलेला हात हातात घेतला.

"परत म्हणा," ती म्हणाली. "मी बरोबर बोलणार नाही. तुम्ही एकट्या म्हणा."

स्पीकर सुरू झाला. "हेमलता, संध्याकाळच्या गोळ्या घ्यायच्यात. मग हात-पाय धुऊन..."

हेमलताबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी एस्तरकडे बघत जीभ टाळूला लावली, आणि तो आवाज गोळ्यांचं सांगत असतानाच, त्याच्या वरताण, परत म्हणायला सुरुवात केली.